इंग्रजी चुरमा : सफरचंदाचे क्रम्बल घरच्या घरी



कोजागिरीच्या दिवशी मंडळात दुधाबरोबर मी एक काचेचे भांडे आणून ठेवले होते. त्यातला पदार्थ कोणता, कुठून आणला, आणि खरोखर मीच केला का, हे तीन प्रश्न त्या रात्री मला बऱ्याच जणांनी विचारले. तिसरा प्रश्न विशेषतः आमच्या सौ.ला विचारला गेला. तिने साक्ष दिली. त्यानंतर फोनवर कृती सांगताना दरवेळी काहीतरी सुटत गेले. एका वहिनींना लिंबू सांगायचे राहिले, एका मित्राला साखर दोनदा सांगितली. शेवटी ठरवले की सगळे एकदाच लिहून काढावे.

मी चौतीस वर्षे बँकेत नोकरी केली. स्वयंपाकघरात माझा व्यवहार चहापुरता. तो बदलला तो गेल्या वर्षी श्रावणात, आई आठ दिवस दवाखान्यात राहून घरी आली तेव्हा. आईचे वय अठ्ठ्याऐंशी. आजार बरा झाला होता, पण वजन बरेच उतरले होते आणि त्यामुळे कवळी सैल झाली होती. कवळी लावली की हिरड्या दुखायच्या, काढली की चावता येत नसे. वरण-भात, खिमट, पेज यावर गाडी चालली होती.

त्यात भेटायला येणारी मंडळी. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हाताने कोणी जात नाही, आणि हातात असतात ती सफरचंदेच. दहा दिवसांत आमच्याकडे एक्केचाळीस सफरचंदे जमा झाली. मोजायची सवय बँकेची. फ्रीजचा खालचा कप्पा भरला, टेबलावरची टोपली भरली, दोन देवापुढे गेली. ज्या एका व्यक्तीसाठी ती आली होती, तिला मात्र त्यातली एक फोड खाता येत नव्हती.

सौ.ने आधी सफरचंद किसून दिले. मग उकडून, मिक्सरमधून काढून, वाटीत घालून दिले. आईने दोन चमचे खाल्ले आणि वाटी बाजूला सारली. म्हणाली, "माझं उष्टावण करताय का गं?"

ती हसत म्हणाली खरे, पण दुसऱ्या दिवसापासून फळ नको म्हणू लागली. नंतर आमच्याबरोबर टेबलाशी बसणेही नको म्हणू लागली. "तुम्ही जेवून घ्या, मला खोलीत आणून द्या." आम्ही सगळे पोळी-भाजी खातोय आणि आपल्यापुढे लापशी, हे तिला आवडत नव्हते. मऊ अन्न देणे सोपे आहे. सगळ्यांच्या पानात जे आहे तेच तिच्याही पानात असावे, आणि तिला ते खाताही यावे, हे अवघड.

आमची मुलगी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ राहते. व्हिडिओ कॉलवर तिने टोपली पाहिली आणि म्हणाली, "बाबा, क्रम्बल करा ना. तुम्ही इथे असताना शेजारच्या आजींकडे खाल्लं होतं, आठवतं का?" आठवत होते. थंडीचे दिवस, बाहेर चारलाच अंधार, आणि एका खोलगट भांड्यात खाली गरम मऊ सफरचंद, वर भाजलेला खुसखुशीत चुरा, त्यावर पिवळे कस्टर्ड. मी दोनदा मागून घेतले होते.

क्रम्बल म्हणजे चुरा होणे. पदार्थाचे नावच त्याची कृती सांगते. फळाच्या फोडी भांड्यात घालायच्या, त्यावर पीठ, लोणी आणि साखर यांचा चुरा पसरायचा आणि भट्टीत भाजायचे. अंडे नाही, यीस्ट नाही, बेकिंग पावडर नाही, फेटणे नाही, लाटणे नाही. केक फुगतो की बसतो ही धाकधूक नाही, कारण यात फुगण्यासारखे काही नाहीच. आपल्यातल्या ज्या घरांत अंडे चालत नाही (आमच्याकडे आईला चालत नाही), त्यांना बेकरीच्या पदार्थांत दरवेळी 'बिनअंड्याचे' शोधावे लागते. इथे ते मुळातच नाही.

इंग्रज लोक पूर्वीपासून सफरचंदाचा 'पाय' करत आले आहेत. नाव ऐकून दचकू नये. त्यात खाली-वर पिठाची पारी असते आणि मध्ये फळ. त्याला पीठ जास्त, लोणी जास्त आणि लाटणारा हात तरबेज लागतो. दुसऱ्या महायुद्धात तिकडे ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर आणि बेकन रेशनवर गेले. लोण्याचा वाटा माणशी आठवड्याला दोन ते चार औंस, म्हणजे साधारण ५५ ते ११० ग्रॅम. सफरचंदे मात्र परसातली होती. मग खालची पारी गेली, वरच्या पारीचा चुरा झाला आणि क्रम्बल घरोघर पोचले. तिकडचे रेशन पूर्ण उठायला ४ जुलै १९५४ उजाडला, तोवर लोकांना क्रम्बलची गोडी लागलेली होती. रेशनच्या दुकानापुढे साखरेसाठी पिशवी घेऊन उभे राहिलेल्या आमच्या पिढीला हे वेगळे समजावून सांगायला नको. टंचाईत केलेली तडजोड पुढे आवडीचा पदार्थ होऊन बसते, हे आपण आपल्या घरातही पाहिले आहे.

तिकडे यासाठी जे सफरचंद वापरतात त्याचे नाव ब्रॅमली. हिरवे, मोठे, आणि इतके आंबट की कच्चे खाववत नाही. त्याची गोष्ट मला मुलीच्या घरी असताना कळली, कारण ते झाड तिच्या घरापासून फार लांब नाही. साउथवेल नावाच्या गावात १८०९ मध्ये मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने सफरचंदाच्या बिया रुजवल्या आणि त्यातून हे झाड आले. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅमली नावाच्या खाटकाने विकत घेतले. १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर या रोपवाटिकेवाल्याने त्याच्याकडे कलमासाठी काड्या मागितल्या. ब्रॅमली म्हणाला, "घे, पण फळाला नाव माझं द्यायचं." ठेव एकीची आणि पासबुक दुसऱ्याच्या नावावर, असा हा प्रकार. वारसनोंद वेळेवर केली नाही की असे होते.

आपल्याकडे ब्रॅमली मिळत नाही. ठेल्यावर असतात ती बहुतेक डिलिशस जातीची, काश्मीर किंवा हिमाचलची. लाल, गोड, आंबटपणा जवळजवळ नाही. कच्चे खायला उत्तम, पण भाजले की नुसते गोड-गोड लागते, कारण गोडाला आधार द्यायला आंबट काही नसते. त्यामुळे इंग्रजी पुस्तकातली कृती जशीच्या तशी इंदूरच्या सफरचंदाला लावली की निराशा होते. त्यावरचा उपाय म्हणजे लिंबू, आणि साखरेत कपात. जमल्यास पाचांत एक-दोन सफरचंदे परदेशी हिरव्या ग्रॅनी स्मिथची घ्यावीत. ती आंबट असतात आणि भाजल्यावर आकार धरून राहतात. पण ती महाग. मी आता लिंबावरच भागवतो.

एक चांगली गोष्ट सांगतो. टोपलीत राहून पिठूळ झालेली, चावली की भुसभुशीत लागणारी जी सफरचंदे कोणी खात नाही, ती या पदार्थात छान चालतात. लवकर मऊ होतात. फक्त डागाळलेला, वास येणारा भाग नीट काढून टाकावा.

आता मापे. सहा जणांना पुरेल एवढे सांगतो. मध्यम आकाराची पाच सफरचंदे, वजन साधारण पाऊण किलो. साल आणि मधला भाग काढल्यावर सहाशे ग्रॅम उरतात. त्याला एका लिंबाचा रस, दोन मोठे चमचे साखर आणि एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर. कॉर्नफ्लोअर नसेल तर तांदळाची पिठी. सफरचंदाला भाजताना पाणी सुटते, ते या पिठाने दाट होते आणि वरचा चुरा ओला होत नाही.

चुऱ्याचे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे. वजनाने पीठ दोन भाग, लोणी एक भाग, साखर एक भाग. मी पीठ १५० ग्रॅम घेतो, म्हणजे लोणी ७५ आणि साखर ७५. वजनकाटा नसेल तर पीठ मापाच्या कपाने सव्वा कप, साखर पाऊण कपाच्या निम्मी. पुस्तकांत मैदा लिहिलेला असतो. मी शंभर ग्रॅम साधी कणीक आणि पन्नास ग्रॅम बाफल्याचे जाडसर पीठ घेतो. ते जाड कण भाजल्यावर दाताखाली छान लागतात, आणि माळव्यात राहून मैद्यासाठी कशाला धावायचे?

लोण्याऐवजी साजूक तूप घ्यायचे असेल तर इथे बहुतेकांची चूक होते. लोण्यात साधारण ऐंशी टक्केच स्निग्धांश असतो, बाकी मुख्यतः पाणी. तूप म्हणजे निव्वळ स्निग्धांश. म्हणून ७५ ग्रॅम लोण्याच्या जागी तूप ६० ग्रॅमच घ्यायचे, साडेचार मोठे चमचे. पंचाहत्तर घेतले तर चुरा वितळून खाली बसतो आणि सफरचंदावर तूप तरंगते. बाजारचे पिवळे लोणी खारट असते, ते घेतले तर वेगळे मीठ नको. तूप घेतले तर चिमूटभर मीठ हवे.

तूप किंवा लोणी फ्रीजमधले, घट्ट हवे. आपल्या एप्रिल-मेमध्ये बाहेर ठेवलेले लोणी पिठात घालता घालताच पातळ होते, तेव्हा पीठसुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे. पिठात लोण्याचे लहान तुकडे घालायचे आणि बोटांच्या टोकांनी चोळायचे. तळहात लावायचा नाही, तो गरम असतो.

इथवर मी पहिल्या वेळी व्यवस्थित पोचलो. नंतर माझी फसगत झाली. भांड्यात ते कोरडे पीठ बघून मला वाटले, हे अपुरे आहे, याला दूध लागणार. अर्धी वाटी दूध घातले. गोळा झाला. तो गोळा मी हाताने थापून सफरचंदावर पसरला आणि चाळीस मिनिटे भाजला. वर जे तयार झाले त्यावर चमचा आपटला तर आवाज आला. आईने बघितले आणि विचारले, "बाफला छान झालाय. वरण कुठाय?"

सौ. इतका वेळ दाराशी उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "अहो, हे मोहन आहे. करंजीचं मोहन. त्यात दूध घातलंत की ते करंजीचं पीठ झालं."

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. गव्हाच्या पिठात पाणी गेले आणि मळले की त्यातली प्रथिने एकमेकांना धरतात, ग्लूटेन तयार होते. पोळी ताणली जाते ती त्यामुळे. पोळीला ते हवे, खुसखुशीत पदार्थाला नको. पिठाच्या कणांवर आधीच तुपाचे आवरण चढवले की पाणी त्यांच्यापर्यंत सहज पोचत नाही आणि दोर तयार होत नाहीत. शंकरपाळी, करंजी, चिरोटे, नानकटाई, सगळ्यांचा खुसखुशीतपणा याच कारणाने येतो. आपण करंजीला मोहन घालून पुढे थोड्या दुधाने पीठ भिजवतो, कारण लाटायचे असते. क्रम्बल लाटायचे नाही. म्हणून मोहनावरच थांबायचे. आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला या पदार्थाचा अवघड भाग आधीपासूनच येतो. अडते ते माझ्यासारख्यांचे.

परीक्षाही तीच, मुटक्याची. चोळलेले पीठ मुठीत दाबले तर मुटका वळला पाहिजे, आणि बोटाने टोकरले तर मोडला पाहिजे. वळलाच नाही तर चमचाभर तूप कमी आहे. मोडलाच नाही तर जास्त आहे, दोन चमचे पीठ भुरभुरावे. मुटका जमला की मग साखर घालायची, आधी नाही. साखर दाणेदार हवी. पिठीसाखरेने चुरा दाट होतो, नानकटाईसारखा. दाणेदार साखर वितळून थंड झाली की कुरकुरीतपणा देते. काही मुटके तसेच मोठे ठेवावेत, काही मोडावेत. सगळे कण सारखे करायची गरज नाही, उलट लहान-मोठे असले की बरे.

दुसऱ्यांदा मी दूध घातले नाही, पण चुरा हाताने दाबून बसवला. तोही चुकला. दाबला की हवा जाते आणि वडी होते. चुरा वरून फक्त भुरभुरायचा, पिठलं-भातावर कोथिंबीर पेरतो तसा. तिसऱ्या वेळी जमले. एक्केचाळीस सफरचंदे घरात असण्याचा एवढा फायदा झाला.

सफरचंदाच्या फोडी किती मोठ्या, हे कोण खाणार त्यावर आहे. दात शाबूत असतील तर दीड-दोन सेंटिमीटरच्या, कच्च्याच भांड्यात घालाव्यात. आईसाठी मी एक सेंटिमीटरच्या करतो आणि आधी पातेल्यात दोन चमचे पाणी घालून, झाकण ठेवून मंद आचेवर सहा-सात मिनिटे शिजवून घेतो. कडा पारदर्शक दिसल्या की बास. पूर्ण शिजवून लगदा करायचा नाही. फोड फोडीसारखी दिसली पाहिजे आणि जिभेने टाळूवर दाबली की विरघळली पाहिजे. साल तिच्यासाठी काढतोच. चिरलेले सफरचंद काळे पडते म्हणून घाई करू नये, भाजल्यावर रंग तसाही बदलतो.

वासासाठी तिकडे दालचिनी घालतात. सियागंजातून चांगली दालचिनी आणून मी कुटून घातली होती. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, मसालेभाताचा वास येतोय. तेव्हापासून आमच्याकडे जायफळ आणि वेलदोडा, श्रीखंडाला घालतो तेवढाच. ज्यांना दालचिनी आवडते त्यांनी पाव चमचा घालावी.

ओटीजी असेल तर वरच्या-खालच्या दोन्ही सळ्या चालू करून १८० अंशांवर दहा मिनिटे आधी तापवावा. भांडे मधल्या खाचेत ठेवून ३५ ते ४० मिनिटे भाजावे. घड्याळापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवावा, कारण प्रत्येक ओटीजीचा काटा आपापल्या मनाने चालतो. वरचा चुरा बदामी झाला आणि कडेने रस बुडबुडताना दिसला, की झाले. बुडबुडे महत्त्वाचे, ते दिसल्याशिवाय आतले कॉर्नफ्लोअर शिजलेले नसते. भांडे काचेचे असेल तर ते फ्रीजमधून काढून थेट तापलेल्या भट्टीत ठेवू नये, तडकते. स्टीलचे खोलगट भांडेही चालते. ॲल्युमिनियमचे शक्यतो नको, आंबट फळ त्यात राहिले की चव बिघडते. साधा मायक्रोवेव्ह उपयोगाचा नाही, त्यात फळ शिजते पण चुरा भाजला जात नाही.

ज्यांच्याकडे ओटीजी नाही त्यांनी इथे वाचन थांबवू नये. आपल्या इंदुरात जवळजवळ प्रत्येक घरी बाफले-बाटी करायचा तो गोल, जाळीचा, घुमटासारख्या झाकणाचा गॅसवरचा ओव्हन असतो. वर्षातून दहा-बारा वेळा निघतो, एरवी माळ्यावर. त्यात क्रम्बल होते. मी मुद्दाम करून पाहिले. आच खालूनच असल्याने फळ लवकर शिजते आणि वरचा चुरा मात्र पांढुरका राहतो. म्हणून आधी चुरा कढईत मंद आचेवर हलक्या हाताने परतून बदामी करून घ्यायचा, आपण लाडवाला कणीक भाजतो त्याच धीराने. मग स्टीलच्या भांड्यात फळ, त्यावर हा भाजलेला चुरा, आणि ओव्हनच्या जाळीवर मंद गॅसवर अर्धा तास. ओटीजीतल्यासारखा हुबेहूब होत नाही, पण कोजागिरीला जे आपण खाल्ले ते याच ओव्हनातले होते. भांडी तपासली असती तर कळले असते!

भट्टीतून काढल्यावर पंधरा-वीस मिनिटे हात लावू नये. हे सांगूनही कोणी ऐकत नाही. त्या वेळात रस दाट होतो आणि वरची साखर कडक होते. लगेच वाढले तर रस पातळ, चुरा मऊ, आणि जीभ भाजते ती वेगळीच.

बरोबर काय द्यायचे? तिकडे कस्टर्ड. आपण डब्यातली जी कस्टर्ड पावडर आणतो तिचाही जन्म तिकडचाच. आल्फ्रेड बर्ड या बर्मिंगहॅमच्या औषधविक्रेत्याने ती १८३७ मध्ये तयार केली. कारण त्याच्या पत्नीला अंडे सोसत नसे आणि खरे कस्टर्ड अंड्याचे असते. बायकोला सगळ्यांबरोबर कस्टर्ड खाता यावे म्हणून केलेली ती खटपट होती. ही माहिती वाचल्यापासून मला हे बर्डसाहेब जवळचे वाटतात. आमच्याकडे मात्र कस्टर्डपेक्षा गार दुधावरची साय चालते. मुलांना आइस्क्रीम.

तिसऱ्या वेळी जमले तो रविवार होता. मी भांडे टेबलावर आणून ठेवले, सहा वाट्या काढल्या, सहाही सारख्या. आईला खोलीतून यायला सांगितले तर नको म्हणाली. मग नातू गेला आणि म्हणाला, "पणजी, आजोबांनी केलंय, चूक काढायला चल." या कारणासाठी ती उठली. खुर्चीत बसली, चुरा चमच्याने बाजूला करून खाली काय आहे ते पाहिले, एक घास घेतला, जरा थांबली. चुरा रसात भिजून तिच्यासाठी पुरेसा मऊ झाला होता. वाटी संपवली, तळाचा रस चमच्याने खरवडला. म्हणाली, "हा तर इंग्रजी चुरमा आहे." आमच्या घरात त्याचे तेच नाव पडले. त्यानंतर ती जेवायला टेबलाशी यायला लागली, आधी फक्त रविवारी, मग रोज. सहा महिन्यांत तिचे वजन तीन किलो वाढले. त्यात क्रम्बलचा हिस्सा किती, याचे गणित मी मांडलेले नाही. नवीन कवळीही दरम्यान झाली.

साखरेबद्दल अनेकांनी विचारले म्हणून सांगतो. वरच्या मापात चुऱ्याची ७५ ग्रॅम आणि फळातली सुमारे ३० ग्रॅम, मिळून १०५ ग्रॅम. सहा वाट्या केल्या तर वाटीला साडेसतरा ग्रॅम, शिवाय फळाची स्वतःची साखर. फळातली घातलेली साखर पूर्ण वगळली तरी डिलिशस सफरचंदाला चालते. चुऱ्यातली ५० ग्रॅमपर्यंत उतरवता येते, त्याखाली गेले तर कुरकुरीतपणा जातो. म्हणजे बिनसाखरेचे क्रम्बल होत नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून वाटीचा आकार ठरवावा, माझ्या लेखावर हवाला ठेवू नये.

सफरचंदाशिवाय दुसरी फळे मी करून पाहिली आहेत. हिवाळ्यातले आपले जाम, म्हणजे पेरू, चवीला फार छान लागतात, पण बिया वृद्धांना त्रास देतात. शिजवून चाळणीतून काढले तर चालते, पण मग फोडी राहत नाहीत. अननसाला पाणी फार सुटते, ते आधी पातेल्यात आटवून घ्यावे. चिकूचे केले आणि पस्तावलो, गोडावर गोड. सगळ्यांत उत्तम रसभरीचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ठेल्यांवर येते, आंबट-गोड, लिंबू घालायची गरज नाही. सफरचंदात मूठभर मिसळली तरी ब्रॅमलीची आठवण होते.

सौ.ने एका एकादशीला गव्हाच्या पिठाऐवजी राजगिऱ्याचे पीठ आणि दाण्याचे जाडसर कूट निम्मे-निम्मे घेऊन केले. कॉर्नफ्लोअर वगळले. दाण्याला स्वतःचे तेल असते म्हणून तूप थोडे कमी घेतले. राजगिऱ्यात ग्लूटेन नसते, त्यामुळे पोळी लाटताना तो तुटतो आणि आपण वैतागतो. इथे तुटणेच हवे असल्याने काही अडले नाही. माझ्यापेक्षा तिचे चांगले झाले होते, हे इथे नमूद करायला तिने सांगितले आहे.

उरले तर झाकून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहते. खाताना ओटीजीत किंवा बाफल्याच्या ओव्हनात दहा मिनिटे गरम करावे, चुरा पुन्हा ताजा होतो. त्याहून सोयीचे म्हणजे कच्चा चुरा दुप्पट करून निम्मा डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवावा. महिनाभर टिकतो आणि वितळवावा लागत नाही, तसाच फळावर भुरभुरायचा. पाहुणे सफरचंदे घेऊन आले, तर ते चहा पिऊन गप्पा मारेपर्यंत त्यांचीच सफरचंदे त्यांच्यापुढे वाढता येतात. आमच्या फ्रीजरमध्ये सध्या दोन डबे आहेत, आणि टेबलावर सहा सफरचंदे.